हायकू : अक्षरगणना आणि छेद

पाच-सात-पाच अशी सतरा अक्षरे म्हणजे हायकू, ही मराठीत रूढ झालेली व्याख्या तपासून पाहणे आवश्यक आहे. जपानी छंदात मोजले जाते ते ‘ओन’ हे उच्चाराचे एकक. दीर्घ स्वराचे दोन ओन होतात. ‘टोक्यो’ या शब्दात अक्षरे दोन, परंतु ओन चार आहेत. म्हणजेच ओन हा अक्षरापेक्षा मात्रेला अधिक जवळचा ठरतो.

बाशो (१६४४–१६९४) यांच्या काळी ही रचना ‘रेंगा’ या साखळीकाव्याचा आरंभ, म्हणजे ‘होक्कू’ होती. ‘हायकू’ हे नाव मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांनी रूढ केले. तिचे मर्म ऋतुसूचक शब्द (किगो) आणि छेददर्शक शब्द (किरेजी) यांत आहे. छेदामुळे दोन प्रतिमा शेजारी येतात. त्यांतील संबंध वाचकाने जोडावयाचा असतो.

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला. परंतु ‘केरी’सारखे छेददर्शक शब्द मराठीत नाहीत. ते कार्य ओळीअखेरच्या विरामाकडून साधावे लागते. म्हणून रचनाकाराने एक प्रत्यक्ष क्षण निवडावा, आंब्याच्या मोहोरासारख्या तपशिलातून ऋतू सुचवावा आणि ‘जसे’, ‘म्हणून’ ही जोडणारी पदे गाळावीत. छेद नसेल, तर सतरा अक्षरे भरूनही हाती उरते ते केवळ तीन ओळींत तोडलेले वाक्य.