धरणाचं पाणी आणि फुकट शिकवणारी माणसं

आजचा विषय वाचून दोघातिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "इथं उन्हाळ्यात टँकर लागतात, आणि तुम्ही शिडाच्या होड्या काय घेऊन बसलात?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या जिल्ह्यातून अजिंठ्याची डोंगररांग गेली आहे. तिच्या उत्तरेला पडलेलं पाणी पूर्णेतून तापीला मिळतं, दक्षिणेचं पैनगंगेतून आणि खडकपूर्णेतून गोदावरीकडे जातं. म्हणजे एकाच दिवसाच्या पावसातलं काही पाणी अरबी समुद्राला आणि काही बंगालच्या उपसागराला. पाणलोटाच्या माथ्यावर बसलेल्या मुलखात नावाड्यांची मोठी परंपरा कुठून असणार? कोकणात तांडेल, खलाशी, डोलकाठी, सुकाणू हे शब्द पोराच्या कानावर घरातच पडतात. आपल्याकडे ते शाळेच्या पुस्तकात भेटतात.

पण गेल्या दोन-तीन पिढ्यांत एक गोष्ट बदलली. मोताळ्याकडे नळगंगा, मेहकरकडे पेनटाकळी, देऊळगावराजाकडे खडकपूर्णेचा संत चोखासागर, आणि पूर्णेवर जिगावचं मोठं काम. लोणारचं सोडून देतो, तो रामसर यादीतला खारा तलाव आहे, अभयारण्य आहे, तिथं होड्या नकोतच. बाकी ठिकाणी मात्र जिथं आजोबांनी ज्वारी काढली तिथं आज वीस-तीस फूट पाणी आहे. पाणी एका पावसाळ्यात भरतं. पाण्यावर कसं वागायचं हे अंगात यायला मात्र पिढ्या लागतात, किंवा मग कुणीतरी शिकवावं लागतं. हे कोण शिकवतं, कसं शिकवतं आणि बहुतेक ठिकाणी पैसे न घेता का शिकवतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी दोन आठवणी, नाइलाजानं. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत झुंजजवळ नाव उलटली आणि ११ जण गेले, सगळे एकमेकांच्या नात्यातले. २१ मे २०२४ ला संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले. या हौसेच्या सफरी नव्हत्या हे मला माहीत आहे, पण पाणी काही तुम्ही कशासाठी आलात हे विचारत नाही. आणि कृपा करून गेलेल्या माणसांना दोष देऊ नका. जे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, ते न कळल्याचा दोष त्यांचा कसा?

तर सांगायचं काय असतं? एक साधी गोष्ट बघा. होडी उभी का राहते? आपलं वजन खाली ओढतं आणि पाणी वर ढकलतं. होडी एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो आणि होडीला परत सरळ करतो. आता माणसं उभी राहिली, तर सगळा भार वर चढला, आणि हा सरळ करणारा जोर कमी पडायला लागला. त्यात सगळे फोटोसाठी एकाच काठाला गेले, तर भार पाण्याच्या जोराच्याही पलीकडे गेला. मग होडी परत येत नाही. तळात थोडं पाणी साचलेलं असेल तर ते याच खालच्या बाजूला धावतं आणि उरलेलं काम पुरं करतं. हे फळ्यावर समजतं, पण अंगात येत नाही. म्हणून चांगल्या शिबिरात शिक्षक मुद्दाम, उथळ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून होडी उलटवतात.

मी पुण्यात शिकायला असताना माझाही पहिला धडा असाच झाला. शिकवणारा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा मुलगा होता. त्यानं वल्हं हातात द्यायच्या आधी मला पाण्यात पाडलं. तेव्हा राग आला होता.

होडी उलटली की पहिल्यांदा डोकी मोजायची. कुणी शिडाखाली अडकलंय का ते बघायचं. दुसरं, होडी सोडायची नाही. काठ जवळ दिसतो, तितका तो जवळ नसतो, आणि पाण्यात एकटं डोकं शोधण्यापेक्षा उलटी होडी शोधणं कितीतरी सोपं. तिसरं, छोट्या शिडाच्या होडीला तळातून खाली उतरणारी एक फळी असते. होडी आडवी पडली की एकानं त्या फळीवर उभं राहून अंगाचा भार टाकायचा. डोलकाठी पाण्यातून वर येते, होडी सरळ होते. दहाबारा वर्षांचं पोरगंसुद्धा हे करू शकतं, आणि एकदा जमलं की त्याची पाण्याची आंधळी भीतीही जाते आणि आंधळं धाडसही.

त्याच फळीमुळे होडी वाऱ्याच्या दिशेनं वर चढू शकते. लोकांना हे जादूसारखं वाटतं. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला तर तो कुठं जातो? पुढे निसटतो. इकडून शिडावर वारा दाबतो, तिकडून पाण्यातली फळी आडवं सरकू देत नाही, आणि होडी त्या चिमटीतून पुढे निसटते. अगदी वाऱ्याच्या तोंडावर नाही जाता येत, साधारण ४५ अंश राखून, नागमोडी जावं लागतं. हे शिकायला दोनतीन दिवस पुरतात. वारा वाचायला मात्र अख्खा हंगाम लागतो.

आता शिकवणाऱ्यांकडे येऊ. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, फ्रान्समध्ये फिलिप आणि एलेन व्हियाने या जोडप्यानं ब्रिटनीच्या किनाऱ्यासमोरच्या ग्लेनाँ बेटांवर एक शिबिर सुरू केलं. दोघंही जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यातले. लढ्यातून आणि छळछावण्यांतून परतलेल्या तरुणांना पुन्हा माणसांत आणायचं, हा हेतू. बेटावर सोयी फारशा नव्हत्याच. या वर्षी शिकलेला पुढच्या वर्षी शिकवायला यायचा, पगार न घेता. त्यातून युरोपातल्या अतिशय नावाजलेल्या शिडाच्या शाळांपैकी एक उभी राहिली, आणि आजही तिथले बहुतेक शिक्षक स्वयंसेवक आहेत.

त्याच सुमाराला अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्यानं पोरांसाठी प्लायवूडची एक डब्यासारखी होडी काढली. गावातल्या एका सेवाभावी क्लबनं तिला हातभार लावला, त्या क्लबच्या नावावरून तिचं नाव पडलं 'ऑप्टिमिस्ट'. सव्वादोन मीटरच्या आसपास लांबी, ३५ किलो वजन. आज जगभरातली पोरं पंधरा वर्षांची होईपर्यंत याच होडीवर शर्यती खेळतात.

त्याच देशात कोस्ट गार्डची एक स्वयंसेवी शाखा आहे, १९३९ पासूनची. सगळे बिनपगारी. हे लोक सुट्टीच्या दिवशी हौशी नावाड्यांचे वर्ग घेतात. तिथल्या सरकारी आकडेवारीत वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं: हौशी नौकानयनातल्या मृत्यूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश बुडून होतात, आणि त्या बुडालेल्यांपैकी दहातल्या आठांहून अधिक जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसतं. लक्षात घ्या, जॅकेट होडीत नसतं असं नाही. बऱ्याचदा ते बाकाखाली ठेवलेलं असतं. ते आधीच अंगावर चढवायला लावणं हे कुणाचं तरी काम असतं.

आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा, संगमाजवळ बोट क्लब आहे. १९२८ पासून तिथं रेगाटा होतो. तो सगळा विद्यार्थी चालवतात. वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्यांना कयाक शिकवतात, पंट शिकवतात, आणि चार वर्षांनी निघून जातात. तरी विद्या टिकते, कारण जाण्याआधी ती दुसऱ्याच्या हाती दिलेली असते. नदीचं पाणी काय अवस्थेत आहे, जलपर्णी किती आहे, हे पुणेकरांना माहीत आहे. त्यातूनही ही पोरं उतरतात. मुंबईत सी कॅडेट कोअर आहे. १९३८ मध्ये गोकुळदास आहुजा यांनी कराचीत सुरू केलं, फाळणीनंतर ते मुंबईत आलं. तिथंही जुने कॅडेटच नव्यांना शिकवतात.

आणि व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी. नौदलातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेला हा माणूस राहायला कुठं गेला? फलटणजवळ विंचुर्णीला. समुद्रापासून लांब, कमी पावसाच्या मुलखात! तिथं राहून त्यांनी ध्यास घेतला की भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी. दिलीप दोंदे पुढे आले, इंग्लंडात जाऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकले, गोव्यात 'म्हादेई' बांधून घेतली, आणि २००९-१० मध्ये प्रदक्षिणा पुरी केली. मग अभिलाष टॉमींच्या, आणि पुढे 'तारिणी'वरच्या मुलींच्या तयारीत दोंद्यांचा हात होता. ते नौदलाचं काम होतं, त्याला हौशी शिबिर म्हणता येणार नाही. पण एकानं शिकायचं आणि पुढच्याच्या मागे उभं राहायचं, ही रीत तीच.

"फुकट शिकवणाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?" असं मला नेहमी विचारतात. रास्त आहे. उत्तर असं, की फुकट म्हणजे ढिलं नव्हे. ब्रिटनमधल्या आरवायए संस्थेची पद्धत बघा. स्वयंसेवक असला तरी त्याला शिकवण्याआधी शीड हाताळण्याची परीक्षा द्यावी लागते, मदतीची मोटरबोट चालवण्याचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, आणि ठरावीक वर्षांनी सगळं नव्यानं सिद्ध करावं लागतं. एकट्यानं चालवायच्या छोट्या होड्या असतील तर एका शिक्षकामागे जास्तीत जास्त सहा. हा सहाचा आकडाच सगळं सांगतो. सहा पोरांमागे एक पगारी माणूस ठेवला तर शिबिराची फी इतकी होते की शेतकऱ्याचं पोरगं येऊच शकत नाही. म्हणून जगभर हे काम स्वयंसेवकांवर चालतं. नुसत्या सेवाभावानं नाही, हिशेबानंही.

मग आपल्या धरणावर शिकवणार कोण? माझं मत सांगतो, पटलं नाही तर नंतर भांडा. पहिला शिक्षक तिथला भोई असायला हवा. जो टायरच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे जाळं लावतो, त्याला ते पाणी पाठ असतं. जुनी विहीर कुठं बुडाली, बाभळीचे खुंट पाणी उतरल्यावर कुठं वर येतात, गाळात पाय कुठं रुततो. पुण्या-मुंबईहून आलेल्या कुठल्याही प्रशिक्षकाला हे कळणार नाही. मात्र लाइफ जॅकेट घालायचं, माणसं मोजून घ्यायची, हे त्यालाही नव्यानं शिकावं लागेल, कारण तोही आजवर नशिबाच्या भरवशावर गेलाय. आणि एक, त्याला फुकट राबवू नका. माझ्यासारख्या पेन्शनवाल्यानं रविवार दिला तर माझं काही जात नाही. त्यानं एक सकाळ दिली तर त्या दिवसाची मासळी गेली. स्वयंसेवेचा आग्रह धरताना हे आपण फार सहज विसरतो.

हंगामाचंही सांगून ठेवतो. पावसाळा संपल्यावर धरणं भरलेली असतात, हवा स्थिर असते, तेव्हा ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं, खुंट वर येतात, आणि दुपारनंतर वळवाचा वारा काही मिनिटांत उठतो. उजनीला त्या संध्याकाळी वादळी वाराच होता. पश्चिमेला काळं दिसलं की शिकवणाऱ्यानं पहिली शिट्टी मारायची आणि सगळ्यांना काठावर घ्यायचं, पोरं कितीही कुरकुरली तरी. शीड आणि वल्हं वापरण्याचा आणखी एक फायदा: यातली काही धरणं पिण्याच्या पाण्याची आहेत, त्यात इंजिनाचं तेल सांडत नाही. मदतीची एक मोटरबोट लागते, तिच्याबद्दल जलसंपदा विभागाशी आधी बोलावं लागेल. परवानगीशिवाय काहीच करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "माझी मुलगी नववीत आहे, तिला आत्ता कुठं शिकता येईल?" ताई, आधी तिला पोहायला शिकवा, तेही नुसतं हातपाय मारणं नको, कपड्यांसकट दहा मिनिटं तरंगत राहता आलं पाहिजे. पुढे कॉलेजात एनसीसीचा नौदल विभाग मिळाला तर तिथं वल्हवणं आणि शीड दोन्ही शिकवतात. सुट्टीत पाठवायचं असेल तर समुद्रच हवा असं नाही. भोपाळच्या मोठ्या तलावावर, हैदराबादच्या हुसेनसागरवर मुलांना शीड शिकवतात, आणि दोन्ही शहरं आपल्यासारखीच समुद्रापासून दूर आहेत. तिथं गेल्यावर पहिल्याच दिवशी विचारा, की होडी उलटवून सरळ करायला कधी शिकवणार. "ते शेवटी बघू" असं उत्तर आलं तर मुलीला घेऊन परत या.