भेगेला आडवी जाळी

घराचा गिलावा करताना कॉलम आणि विटांची भिंत जिथे भिडते, तिथे गवंडी कोंबडीजाळी ठोकतो. नाही ठोकली, तर वर्षभरात त्या रेघेवर तडा उमटतो. डांबरी रस्त्याच्या पोटात काचतंतूंची जाळी घालतात, ती याच दुखण्यावर. या ‘भिंती’वरून रात्रंदिवस ट्रक जातात, एवढाच फरक.

जुन्या सिमेंटच्या रस्त्यावर 5 सेंटिमीटर डांबर अंथरलं की लोक खूश. खालचे सांधे मात्र गप्प बसत नाहीत. दिवसा सिमेंटचे तुकडे फुगतात, रात्री आखडतात. त्यात चाक आलं की आधी सांध्याचा अलीकडचा काठ दबतो, मग पलीकडचा, आणि वरचं डांबर कात्रीत सापडतं. भेग खालून वर चढते. वर्षाला साधारण इंचभर, असा आमचा ढोबळ हिशेब. म्हणजे दोनेक वर्षांत जुना सांधा नव्या रस्त्यावर जसाच्या तसा हजर!

काचतंतू जेमतेम 3 टक्के ताणला की तुटतो. ऐकायला वाईट वाटतं, पण त्यामुळेच तो जराशा हालचालीत भार अंगावर घेतो. भेग जाळीपाशी थबकते, कधी आडवी वळते. दीडशे अंशांच्या गरम मालाचं काचेला काही वाटत नाही. पॉलिप्रोपिलीनचं कापड 165 च्या आसपास वितळतं, तिथे जपावं लागतं. (रस्त्यात कापड घालणं नवं नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनाने 1926 मध्येच जाड सुती कापड घालून पाहिलं होतं.) पण खालचा तुकडाच डुगडुगत असेल, तर कुठलीही जाळी फार काळ टिकाव धरत नाही. आधी तो पक्का बसवायचा.

आणि जाळी चिकटली पाहिजे. त्यासाठी डांबराचं इमल्शन मारलं की ते चॉकलेटी दिसतं. काळं पडेपर्यंत थांबायचं असतं. एका कामावर रात्रीची घाई होती, झाडलोटही अर्धवट. डंपरच्या टायरला जाळी उचलून येऊ लागली. मुकादम म्हणाला, “साहेब, रोलर फिरला की बसेल खाली.” मी मान डोलावली. चूक माझीच.

पावसाळ्यानंतर तिथला कोअर, म्हणजे रस्त्याचा गोल नमुना, काढला. वरचा तुकडा झाकणासारखा हातात सुटून आला. जाळीच्या खालच्या अंगाला डांबर नव्हतंच, पिवळी धूळ होती.