संगणकसाहाय्यित अभिकल्प : परीक्षेची पूर्वतयारी

यंत्रभाग, वास्तू इत्यादींचे आरेखन व प्रतिरूपण संगणकाद्वारे करण्याच्या तंत्रास संगणकसाहाय्यित अभिकल्प म्हणतात. ऑटोकॅड ही प्रणाली १९८२ मध्ये प्रसृत झाली. त्याच सुमारास नांदेड येथे श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था (१९८१) व लातूर येथे बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९८३) स्थापन झाले. सॉलिडवर्क्स प्रणालीच्या प्रमाणपत्र परीक्षेत विद्यार्थ्यास आरेखनावरून घनप्रतिरूप रचून त्याचे वस्तुमान काढावे लागते. एक माप चुकले तरी उत्तर चुकते. भारतात प्रामुख्याने प्रथम कोन प्रक्षेप शिकवितात, तर अमेरिकेत तृतीय कोन प्रक्षेप रूढ आहे. हा भेद न ओळखल्यास दृश्यांच्या जागांची अदलाबदल होते. म्हणून संगणकाच्या आज्ञा पाठ करण्यापूर्वी कागदावरील प्रक्षेपवाचन पक्के असणे आवश्यक ठरते.