बांध फुटल्याचा व्हिडिओ काढलात, आता त्याची फिल्म कशी कराल?

उधाणाला खारबांधाला खांड पडली की आपल्याकडे दहा जण मोबाईल काढतात. शूटिंग ढीगभर होतं, डॉक्युमेंटरी मात्र होत नाही. ती घडते एडिटिंगला, म्हणजे संकलनात.

आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी तब्बल १४ वर्षं चित्रीकरण केलं. १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारापासून सुरू होणारी ही फिल्म २०११ मध्ये आली, साधारण तीन तासांची. संकलनही त्यांचंच.

आपण आधी सगळं शूटिंग बघून काढायचं. कोण काय बोललं ते मिनिटासकट वहीत लिहायचं. काम कंटाळवाणं आहे, पण खरं शिक्षण इथेच होतं. मग माणसांचं बोलणं ओळीने लावा. जिथे कापलं तिथे वरून उघाडी, भातात शिरलेलं खारं पाणी अशी दृश्यं टाका. त्यासाठी शूटिंगलाच प्रत्येक गोष्ट दहा सेकंद मोबाईल न हलवता घ्या. मूळ व्हिडिओ डिलीट करू नका.

एक मात्र जपा. शेतकरी म्हणाला, “भरपाई मिळाली, पण अर्धीच.” ‘पण’पासून पुढे कात्री लावलीत, तर तो गावात खोटा पडतो. वर दृश्य असलं की काप कुणाला दिसतही नाही. म्हणून फिल्म ग्रुपवर टाकण्याआधी त्याला त्याचं बोलणं दाखवा.