बापाचे नाव, मुलीचा आवाज

आन्येस जावी दिग्दर्शित 'कॉम ऊन इमाज' या फ्रेंच चित्रपटाला २००४ साली कान महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. पटकथा जावी आणि झाँ-पिएर बाक्री यांची. चित्रपट विनोदी म्हणून ओळखला जातो. आमच्या मते त्याचा खरा विषय सत्ता आहे.

एतिएन कासार हा पॅरिसचा नामांकित लेखक. त्याची वीस वर्षांची मुलगी लोलिता अंगाने जाड आहे, गाणे शिकते आहे. तिने दिलेली गाण्याची कॅसेट ऐकायला बापाला सवड नाही. गायनशिक्षिका सिल्व्हिया तिला टाळते. पण ती कोणाची मुलगी हे कळताच वेळ काढते. कारण सिल्व्हियाचा नवरा धडपडणारा लेखक आहे!

एतिएन उद्धट आहे, कारण भोवतालचे त्याचा उद्धटपणा हसून झेलतात. सत्ता हांजी हांजी करणाऱ्यांच्या खांद्यावर उभी असते. मुलीच्या देहाला नाक मुरडणारेच तिच्या बापाच्या नावापुढे वाकतात. दोन्ही वेळी तिच्यातला माणूस कोणाला दिसत नाही.

जावींनी लोलितालाही सोडलेले नाही. तिच्यावर जीव असणाऱ्या सेबास्तियँकडे तीही दुर्लक्षच करते. अपमान सोसणारा दुसऱ्याचा अपमान करणार नाही, असे नसते.

अखेर सिल्व्हिया या गोतावळ्याकडे पाठ फिरवते. दरबार मोडायचा तर आधी मुजरा थांबवावा लागतो.