एका अक्षराची दुरुस्ती

सिकलसेल हा शब्द वऱ्हाडाला, विशेषतः अमरावतीकडील मेळघाटाला, परका नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर चुकते आणि रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. मग ते अक्षरच का सुधारू नये, असे आपणांस सहज वाटते.

अडचण आहे ती नेमकेपणाची. 1985 साली ऑलिव्हर स्मिथीज यांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशींत, याच जनुकाच्या जागी नवा डीएनए बसवून दाखविला. परंतु बहुतेक पेशींत तो भलतीकडेच जाऊन बसे. 1994 साली मारिया जेसिन यांच्या प्रयोगांनी वाट दाखविली : ठरल्या जागी डीएनए आधी तोडावा; तो सांधताना पेशी जवळचा नमुना उतरवून घेते. यश शेकडो पटींनी वाढले. 2012 नंतर क्रिस्परच्या कात्रीने हवे तेथे तोडणेही सोपे झाले.

तरीही पेशी पुष्कळदा नमुना न पाहताच टोके जोडून टाकते. नमुना पाहण्याची तिची तयारी असते ती डीएनएची नक्कल होऊ लागल्यापासून विभाजन होईपर्यंत. अकोल्याचा शेतकरी वाफसा पाहून पेरतो. संशोधकही तशीच वेळ साधतात.

2023 साली ब्रिटन-अमेरिकेत मान्य झालेला सिकलसेलवरील क्रिस्पर-उपचार चुकलेले अक्षर सुधारीत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करणारी कळ तेवढी तोडतो. तोडणे सोपे, सुधारणे कठीण, हेच त्याचे कारण. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठरली. आपल्या हाती आज आहे ती लग्नाआधीची रक्ततपासणी. ती आपण टाळू नये.