जुन्या फाउंटन पेनची झिलई
ओरखडे पडलेल्या जुन्या फाउंटन पेनला झिलई देण्यापूर्वी ते कोणत्या पदार्थाचे आहे हे ओळखणे अत्यावश्यक असते, कारण एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याचा नाश करतो. पार्कर कंपनीचे १९२१ मधील ड्युओफोल्ड पेन एबोनाइटचे, म्हणजे भरपूर गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराचे होते; १९२६ च्या सुमारास एबोनाइटची जागा सेल्युलॉइडने घेतली. एबोनाइट प्रकाश व ओलाव्यामुळे तपकिरी पडते आणि पाण्यात भिजवल्यास अधिकच बिघडते, म्हणून ते कोरड्या मऊ फडक्यानेच पुसावे. सेल्युलॉइड हा नायट्रोसेल्युलोज व कापूर यांपासून बनणारा ज्वालाग्राही पदार्थ असल्याने त्याला ज्योतीजवळ नेऊ नये. ॲसिटोनसारखा द्रावक तर त्याला चक्क विरघळवतो. झिलई देणे म्हणजे वस्तुतः अतिसूक्ष्म घासकाने, म्हणजे खरवडणाऱ्या बारीक कणांच्या लेपाने, पृष्ठभागाचा पातळ थर काढणे होय, आणि गेलेला थर परत येत नाही. त्यामुळे नळीवर उमटवलेली अक्षरे व नक्षी टाळून, हलक्या हाताने, वारंवार थांबून घासावे. यंत्राचे फिरते चाक नवशिक्याने वापरूच नये, कारण घर्षणाच्या उष्णतेने पदार्थ मऊ पडून आकार बिघडतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या क्लिपला घासक लावू नये. अक्षरे आधीच पुसट झाली असतील, तर त्यांच्याजवळचा खोल ओरखडाही तसाच राहू द्यावा.